नम्रताची एकेचाळीस माणसं

माझ्या मुलीला शेवटी खांदा कोण देणार, हा प्रश्न कुठल्याही आईनं मनात आणू नये. माझ्या मनात तो गेली चार वर्षं ठाण मांडून बसलाय. भाजी निवडताना येतो, बसस्टॉपवर उभी असताना येतो, दिवा मालवला की हमखास येतो. नम्रता सदतीस वर्षांची आहे, धडधाकट आहे. परळच्या एका सेंटरमध्ये एक्स-रे काढते आणि घरी आली की घोडपदेवच्या आमच्या चाळीचे तीन जिने एका दमात चढते. लग्न तिनं केलं नाही. भाऊ-बहीण नाही. बाबा गेले, उद्या मी जाईन. त्यानंतर तिची वेळ आली तर हेच तीन जिने तिला खाली कोण नेणार?

आमच्या चाळीतल्या कोकणी माणसांकडे या प्रश्नाचं पिढ्यानपिढ्या एकच उत्तर होतं, ते म्हणजे मंडळ. गिरणीत कामाला आलेल्या माणसांनी आपापल्या गावाच्या नावानं चाळीत एकेक खोली घेतली. आमच्या गावची खोली तळमजल्यावर आहे, तिला सगळे गाळा म्हणतात. एके काळी तिथे तीस-तीस जण पाळीपाळीनं झोपायचे. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी आणि खाली एक ट्रंक. आता तिथे कोणी राहत नाही, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळाची सभा भरते. गावातली जुनी जाणती मंडळी, म्हणजे गावकी, ठरवते आणि मुंबईतलं मंडळ पाळतं. त्या बदल्यात मंडळ कुणाला एकटं पडू देत नाही. कुणी गेलं की निरोप फिरतो, घरटी एक माणूस हजर होतो, बांबूपासून मडक्यापर्यंत सगळं कुणी न सांगता येतं.

नम्रतानं हे मंडळ सोडलं. आमच्या गावात असं आजवर कुणी केलं नव्हतं.

आणि आता माझ्यासमोर मंडळाचा एक टाईप केलेला कागद आहे. त्याच्यावर सही केली की आम्ही परत मंडळात. उद्या दुपारपर्यंत उत्तर द्यायचंय. नम्रता पोटमाळ्यावर झोपली आहे, तिला यातलं काही माहीत नाही. सही करायची की नाही हे ठरवायच्या आधी मला ती कोण आहे ते एकदा सगळं लिहून काढायचंय, स्वतःसाठीच.

नम्रताचे बाबा, दत्ताराम, बावीस वर्षं मंडळाचे सेक्रेटरी होते. नोकरी छापखान्यात, पण खरं काम मंडळाचं. अक्षर सुंदर. मंडळाचा शिक्का आणि लेटरपॅड आमच्या कपाटात साड्यांच्या वरच्या कप्प्यात असायचं, आणि त्या कप्प्याला मी हात लावलेला त्यांना चालत नसे. गावच्या शाळेची नवी पडवी त्यांनी मुंबईत दारोदार फिरून बांधून घेतली. "गावकी आहे म्हणून आपण आहोत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी बी.ए. झालेली, शाळेच्या ऑफिसात नोकरी करणारी बाई. मला ते कधी पूर्ण पटलं नाही, पण भांडण्याइतकं नापसंतही नव्हतं. नम्रता मात्र बाबांची शेपूट होती. सभेच्या दिवशी बायका-मुलींनी गाळ्याबाहेर व्हरांड्यात बसायचं असा नियम, तर ही उंबरठ्याला पाठ टेकून बसायची आणि आतलं सगळं ऐकायची.

दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये गावकीनं मंडळाला फोन केला. मुंबईची माणसं गावात येऊ लागली होती आणि गाव घाबरला होता. ठरलं असं, की मुंबईहून जो येईल त्यानं चौदा दिवस शाळेत राहायचं आणि मग घरी जायचं. ते पत्र नम्रताच्या बाबांनी स्वतः लिहिलं, सही केली, शिक्का मारला. पत्र चुकीचं नव्हतं. त्या दिवसांत मीही तेच केलं असतं.

मे महिन्यात आमच्या मजल्यावर तीन पेशंट निघाले. मजल्याला संडास चार, माणसं नव्वद. बाबांना दम्याचा त्रास. नम्रताचं सेंटर तेव्हा बंद होतं. तिनं धडपड करून गाडीचा पास काढला, तो दोघांचाच निघाला. मी खोली राखायला मागे राहिले. "चौदा दिवस शाळेत काढायचे, मग आपलं घर, आपलं अंगण," बाबा म्हणाले. जाताना ते खूशच होते. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता.

शाळेत त्यांच्याबरोबर मनू आणि त्याची बायको होती. मनू आमच्याच गावच्या दुसऱ्या वाडीतला, अँटॉप हिलला राहतो, टॅक्सी चालवतो. शाळेच्या पडवीतून आमचं घर दिसतं, मध्ये फक्त एक शेत आणि दगडी कुंपणाचा गडगा. बाबा सकाळी खुर्ची घेऊन पडवीत बसायचे आणि आपल्याच घराकडे बघायचे. मला फोनवर सांगायचे, "पाखाडीच्या पायऱ्यांकडचं कौल सरकलंय गं. घरी गेलो की पहिलं ते काम."

चौदा दिवस झाले. त्या दिवशी गावकी बसली आणि म्हणाली, अजून चौदा. शेजारच्या गावात कुणीतरी आजारी पडलं होतं, म्हणून. नम्रता चिडली. "बाबा, चला. आपलं घर आहे. काय करतील?"

"करतील काय ते सोड," ते म्हणाले. "गावकीनं ठरवलंय तर काही विचार करून ठरवलं असेल. आणि त्या पत्रावर सही माझी आहे."

"पत्रात चौदा लिहिलंय."

"म्हणून तर जयवंताला फोन करतो. मंडळ लिहील गावाला. लेखी आलं की ऐकतात ते."

जयवंतभाऊ तेव्हा मंडळाचे उपाध्यक्ष, आता अध्यक्ष. त्यांनी फोनवर सांगितलं, "बघतो दादा. पण सभा कुठे घेता येतेय आता? सभेशिवाय ठराव कसा लिहायचा?" बाबांना ते पटलं. त्यांनीच घालून दिलेला नियम होता तो. नम्रतानंही ऐकलं. पुढे तिला सगळ्यात जास्त तेच लागलं, की आपणही ऐकलं.

सतराव्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांच्या छातीत कळ आली. नम्रता गावकराच्या, म्हणजे गावकीच्या प्रमुखाच्या, घरी धावत गेली. त्याच्या अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. तो पायरीवरूनच म्हणाला, "गाडी नाय मिलायची पोरी. ठराव हाय. सरकारी गाडीला फोन लाव." सरकारी गाडी यायला अडीच तास लागले. तोवर बाबा गेले होते, पडवीतच, घराकडे तोंड करून.

उचलायला गावातून कुणी आलं नाही. नम्रता, मनू, मनूची बायको आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, अशी चार माणसं झाली. अग्नी नम्रतानं दिला. मी इथे तिसऱ्या मजल्यावर होते, मजला सील केलेला, जिन्याच्या तोंडाशी बांबू बांधलेले होते. तपासणीचा निकाल तीन दिवसांनी आला. करोना नव्हता.

यापुढचं मला जास्त नीट लिहायचंय, कारण यापुढचं सगळं नम्रताचं आहे.

ती जूनमध्ये परत आली आणि कामावर जाऊ लागली. रडली असेल तर माझ्यासमोर नाही. पुढे लस आली तेव्हा रांगेत उभी राहून घेतली, मलाही घेऊन गेली. तिचा राग औषधावर नव्हता, आजारावरही नव्हता. फक्त एक सवय तिला लागली. कुणी म्हणालं, "वरून सांगितलंय," की ती विचारायची, "कोणी? नाव काय त्यांचं?" दुकानात, बँकेत, हाफकिनच्या बसस्टॉपवर, कुठेही. मला लाज वाटायची. "अगं, भांडकुदळ दिसतेस," मी म्हणायचे. "दिसू दे," ती म्हणायची. "बाबा फार गुणी दिसायचे."

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या कमलताई गेल्या. ऐंशीच्या घरात होत्या, एकट्या राहायच्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांची खानावळ होती, निम्मी चाळ त्यांच्या हातचं जेवलेली. वयानं गेल्या, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं. पण दिवस असे होते की दारं उघडेनात. कमलताईंच्या गावच्या मंडळाला फोन केला, तर तिकडून उत्तर आलं, सभासद सगळे गावाला आहेत. खाली शववाहिनी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. आमच्या मजल्यावर लोक दाराच्या फटीतून नम्रताला सांगत होते, "त्या आमच्या गावच्या नाहीत गं." कुणी म्हणालं, "त्यांच्या मंडळाला न विचारता कसा हात लावायचा? उद्या बोलतील."

हे वाक्य ऐकलं आणि नम्रता जिना उतरली. समोर गौतमचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याचं घर पलीकडच्या बौद्ध चाळीत. तेव्हा ओळख एवढीच, की आमच्या घरच्या सगळ्या कागदांच्या कॉप्या त्याच्याकडे निघायच्या. मी गॅलरीतून ऐकत होते.

"गौतम, शटर ओढ."

"का? पोलीस आले?"

"कमलताई गेल्या. खाली आणायचंय."

"त्यांचं मंडळ?"

"नाही येत. तू त्यांच्याकडे किती वेळा जेवलायस?"

"मोजलं नाही."

"मग चल."

त्यानं शटर ओढलं. मनूला फोन गेला, तो अँटॉप हिलहून टॅक्सी घेऊन वीस मिनिटांत आला. चौथी दर्शना, गौतमची चुलत बहीण, प्रसूतिगृहात नर्स आहे, नाइट ड्युटी संपवून घरी चालली होती, तिला रस्त्यातच धरलं. चौघांनी कमलताईंना उचललं. जिन्याच्या वळणावर तिरडी एकदम कलली, कारण गौतमचा उजवा खांदा क्रिकेट खेळताना निखळलेला आणि वजन नेमकं त्याच खांद्यावर आलं होतं. तो कण्हत म्हणाला, "कमलताई, माफ करा, आमटी जास्त झाली." दर्शना म्हणाली, "गप रे, त्या ऐकतायत." आणि चौघंही, तोंडाला मास्क, खांद्यावर कमलताई, जिन्यात हसायला लागली. मला ते फार वाईट दिसलं. मी गॅलरीतच उभी होते. खाली गेले नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी नम्रतानं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आणि त्यावर पट्टीनं रेघा ओढल्या. चार रकाने. नाव, राहणार कुठे, घरी कधी, कुठला खांदा. ज्यांना कुणाच्याही दारात जायला कुणाची परवानगी लागत नाही अशा माणसांची यादी. पहिली चार नावं त्याच चौघांची. मी म्हटलं, "खांदा कशाला लिहितेस?" म्हणाली, "जिन्यात कळतं कशाला ते."

गौतमला त्याची रीतसर संस्था करायची होती. तो एकदा घरी येऊन बसला. "रजिस्टर करून टाकू. लेटरपॅड मी फुकट छापून देतो."

"लेटरपॅड नको," नम्रता म्हणाली.

"अध्यक्ष तरी? मग हार कोणाला घालायचा?"

"तुला घालू. तू मेल्यावर."

"सगळ्यांच्या देखत बोलली हां, काकी. साक्षीदार राहा."

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत गावकीचं पत्र आलं, मंडळाच्या मार्फत. दत्ताराम यांच्या अंत्यविधीस गावकीची संमती घेतली नाही, अग्नी मुलीने दिला, ही रूढी मोडली. सबब कुटुंबाने माफी मागावी, नाहीतर शिमग्याला देवीची पालखी आमच्या दारी येणार नाही. आमच्याकडे शिमग्याला पालखी घराघरांत फिरते. ती ज्या दारावरून सरळ पुढे जाते ते घर वाळीत पडलं हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. त्याविरुद्ध कायदा आहे हे मला माहीत होतं, मी नम्रताला म्हटलंही. ती म्हणाली, "कायद्यानं पालखी आणेन गं. पण तिच्याबरोबर येणारी माणसं कशी आणू?"

पहिल्या रविवारी ती सभेला गेली. उंबरठ्यापाशी थांबली नाही, सरळ आत जाऊन ट्रंकेवर बसली. आतले पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मी बाहेर व्हरांड्यात होते. तिनं पिशवीतून बाबांचा शिक्का आणि लेटरपॅड काढून टेबलावर ठेवलं.

"काका, हे मंडळाचं. आणि आमचं नाव कमी करा."

जयवंतभाऊ हसले. "पोरी, मंडळ सोडत नसतं कोणी. मंडळ काढतं."

"मग मी पहिली."

"रागानं बोलू नको. शब्द मागे घे, आम्ही गावाला समजावू."

"मी रागावले नाहीये. बाबांनी गावाचं सगळं ऐकलं. ते चुकले असं मी म्हणणार नाही, त्यांचा विश्वास होता. माझा नाही उरला. विश्वास नसताना वर्गणी देत बसणं मला खोटं वाटतं."

कुणीतरी मागून म्हणालं, "उद्या वेळ आली तर कोण येईल खांद्याला?"

ती म्हणाली, "बाबांच्या वेळी कोण आलं होतं?" आणि उठून बाहेर आली. मला म्हणाली, "चल आई, दूध संपलंय."

मी तिच्या मागून चालत होते आणि मनात दोन गोष्टी एकदम होत्या. एक म्हणजे हिला शेवटी खांदा कोण देणार ही भीती, जी त्या दिवशी माझ्या मानगुटीवर बसली ती आजवर. आणि दुसरी, की ही माझी मुलगी आहे. मी शाळेच्या ऑफिसात तेहतीस वर्षं काढली, हेडमास्तरांच्या समोर एकदाही खुर्ची ओढून बसले नाही. आणि ही ट्रंकेवर जाऊन बसली.

तेव्हापासून दर शिमग्याला ती गावी जाते. एकटी. घर उघडते, झाडते, सरकलेलं कौल तिनं पहिल्याच वर्षी स्वतः शिडीवर चढून बसवलं. पालखी शेजारच्या अंगणात नाचते आणि आमच्या दारावरून पुढे जाते. नम्रता पायरीवर उभी राहून लांबूनच हात जोडते. मी म्हटलं, "कशाला अपमान करून घ्यायला जातेस?" तर म्हणाली, "अपमान कसला? घर माझं, देवी माझी. वाट चुकतायत ते." दुसऱ्या वर्षी सकाळी पायरीवर केळीच्या पानाखाली कुणीतरी आंबोळ्या ठेवून गेलं होतं. कोणी ते तिनं शोधलं नाही. "शोधलं असतं तर तिला त्रास झाला असता," म्हणाली. बाईच असणार, हे तिनं धरूनच चाललं होतं.

इकडे कपाटाच्या दारावरचं कॅलेंडरचं पान भरत गेलं. घोडपदेव, काळाचौकी, लालबाग, दादरचे दोघं, भायखळ्याच्या बाजारातला एक फळवाला. एकेचाळीस नावं झाली, त्यातल्या एकोणीस बाया. चौतीस वेळा ती माणसं कुणाच्या ना कुणाच्या जिन्यात उभी राहिली आहेत. मयत कोणत्या गावची, कोणत्या जातीची, कोणत्या मंडळाची, हे यादीत विचारलेलंच नाही, कारण तसा रकानाच नाही. चाळीत आता कुणाकडे असं झालं की लहान मूलसुद्धा सांगतं, "तिसऱ्या मजल्यावरच्या नम्रताताईला बोलवा." मी हे ऐकते तेव्हा बाहेर काही दाखवत नाही. पण त्या दिवशी चहात साखर जास्त पडते.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी जयवंतभाऊंचे धाकटे भाऊ, गणपत, गेले. आमच्याच चाळीत, पहिल्या मजल्यावर. निरोप फिरला. पण मंडळाची माणसं आता नालासोपारा, बदलापूर, विरार अशी पांगली आहेत, आणि मंगळवार म्हणजे कामाचा दिवस. अकरा वाजले तरी जयवंतभाऊ, त्यांचा कॉलेजातला पुतण्या आणि सत्तरीचे दोन म्हातारे, एवढेच. जयवंतभाऊ चाळीच्या फाटकात उभे राहून रस्त्याकडे बघत होते. आमचे हे शाळेच्या पडवीतून घराकडे बघत असत ते मी कधी पाहिलं नाही, पण ते असंच दिसत असेल असं मला वाटलं.

गौतमनं दुकानातून पाहिलं आणि नम्रताला फोन केला. अर्ध्या तासात ती सेंटरच्या पांढऱ्या कोटातच आली, बरोबर पाच जण. फाटकात थांबली.

"काका, आम्ही उचलू?"

जयवंतभाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नम्रता पुढे होती, उजवा खांदा देऊन, आणि गौतम मागे, डावा खांदा देऊन. जिन्यात तिरडी जराही कलली नाही. त्या दिवशी मी गॅलरीत राहिले नाही. खाली उतरले आणि शेवटपर्यंत चालत गेले.

आज संध्याकाळी जयवंतभाऊ घरी आले ते त्यामुळेच. नम्रता कामावरून यायची होती. त्यांनी चहा घेतला, बाबांच्या फोटोला नमस्कार केला आणि खिशातून हा कागद काढला.

"वहिनी, मी गावाला बोललो. गणपतच्या वेळी पोरीनं काय केलं ते सगळं सांगितलं. गावकर नरमला. म्हणाला, बरं, दोन ओळी लिहून द्या, यंदा पालखी दारात."

मी कागद वाचला. 'आमच्या कुटुंबाकडून गावकीच्या रूढीचा भंग झाला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत व यापुढे गावकीच्या शब्दाबाहेर जाणार नाही.' खाली सहीची जागा.

"नम्रता नाही सही करायची," मी म्हटलं.

"तिची नकोच. कर्ता पुरुष नाही घरात, तुमची चालवून घेतो मी. तिला सांगता कशाला? पालखी अंगणात आली की आपोआप खूश होईल."

"आणि नाही केली तर?"

"वहिनी, धमकी देत नाही मी." ते खरंच देत नव्हते. त्यांचे डोळे भरले होते. "त्या दिवशी मला कळलं, माणूस एकटं पडलं की कसं असतं. तुमच्यानंतर तिचं काय? मंडळ पाठीशी असू दे. उद्या दुपारपर्यंत कळवा, रविवारच्या सभेत पालखीचा मार्ग ठरतो."

ते चांगल्या मनानं आले होते, अडचण तीच आहे. माझ्याच मनातला प्रश्न त्यांनी माझ्यासमोर ठेवला. ते गेल्यावर मी पेन शोधलं, हे मला कबूल केलं पाहिजे. चष्मा कपाटात होता म्हणून कपाट उघडलं, आणि दार उघडल्यावर ती यादी समोर आली.

इतकी वर्षं ती तिथे आहे, पण मी ती ओळीनं कधी वाचली नव्हती. आज वाचली. मनू, अँटॉप हिल, 'रात्री दहानंतर कधीही', डावा. दर्शना, 'ड्युटी बघून', उजवा. फळवाला, 'पहाटे नाही, मार्केट असतं', दोन्ही. मी वयं आठवून मोजायला लागले. एकेचाळिसांपैकी तेवीस जण नम्रतापेक्षा लहान आहेत. आई असल्यामुळे मला हा हिशेब करावासा वाटला, आणि तो करून बरंही वाटलं. काळजी गेली असं नाही. ती काही जायची नाही. पण आजवर मी विचारत होते, कोण येणार. कागदावर नावं होती, दोन हात लांब, कपाटाच्या दारावर.

आणि सगळ्यात खाली, एकेचाळिसाव्या नावाच्या खाली, पेन्सिलनं लिहिलं होतं: '४२. जयवंतकाका. विचारायचं.' पुढचे रकाने कोरे.

मी तिथेच स्टुलावर बसले. त्यांच्या भावाला खांदा देऊन आल्यावर तिनं हे लिहिलं असणार. तिनं त्यांच्याकडून माफी मागितली नव्हती. त्यांनी त्या दिवसांत पत्र का लिहिलं नाही, हेही विचारलं नव्हतं. त्यांच्यासाठी एक ओळ ठेवली होती, फक्त. आणि मी तिच्या नकळत तिच्या नावानं लिहून देणार होते, की यापुढे ती कुणाच्या शब्दाबाहेर जाणार नाही.

नम्रताच्या बाबांनी एका पत्रावर सही केली होती आणि ती शेवटपर्यंत पाळली. त्या सहीचा मला आजही राग नाही. पण या घरातून तशी दुसरी सही जायची नाही.

जयवंतभाऊ सकाळी साडेसहाला उठून पाणी भरतात. सातला त्यांना फोन करायचा. आधी सांगायचं, सही होणार नाही, कागद परत पाठवते, राग मानू नका. मग चष्मा लावून कपाटासमोर उभी राहीन आणि विचारेन, भाऊ, तुम्ही घरी कधी असता, आणि तुमचा कुठला खांदा चांगला आहे? इथे लिहायचंय.